आई कावेरीला रत्नागिरीला घेऊन गेली

माझी आई, सगुणा, संयुक्त अरब अमिरातीत, शारजाच्या खोर फक्कान शहरातल्या एका खासगी क्लिनिकमध्ये नर्स होती. १९९८च्या मार्चमध्ये तिथे कावेरी तपासणीला आली. तिचा नवरा सोमनाथ बंदरात क्रेन चालवायचा. पहिलंच मूल, सतरावा आठवडा. सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं, बाळाची कवटीच तयार झालेली नाही, जन्मलं तरी जगणार नाही. पण इथे गर्भपात आईच्या जिवाला धोका असेल तरच, आणि कावेरी तर ठणठणीत होती.

संध्याकाळी दोघं आमच्या घरी आले.

"सिस्टर, दुबईत चालत असेल ना?" सोमनाथ म्हणाला. "ती अमिरात वेगळी. तिथे रास अल खोर भागात एक बाई गुपचूप करते म्हणे."

"त्या बाईचं नाव पुन्हा काढू नकोस. पोरगी जिवानिशी जाईल," आई म्हणाली. "आणि शारजा काय, दुबई काय, हा कायदा सगळ्या देशाला एकच."

"तिथेच तर घोळ आहे. ज्या त्या अमिरातीचा आपला कायदा असता तर कुठेतरी जमलं असतं," सोमनाथ म्हणाला.

"कुठेतरी म्हणजे जिथे गाडीने जाता येतं तिथे. ज्या बाईला घराबाहेर पडता येत नाही, तिचं काय?"

माझे बाबा, अनिल, एरवी अशा बोलण्यात पडत नसत. पण ते म्हणाले, "सगुणा, एकच कायदा आणि तोच नाही म्हणतो, मग या दोघांनी जायचं कुठे?"

आई कावेरीकडे वळली. "इंडियात वीस आठवड्यांपर्यंत होतं. तिथेही कायदा दिल्लीचाच, म्हणून रत्नागिरीतही तोच लागू. तुझ्या माहेरी राहून होईल."

"एकटीला नाही जमायचं, ताई," कावेरी पहिल्यांदाच बोलली. सोमनाथला कंपनी सुट्टी देत नव्हती.

आईने माझ्याकडे पाहिलं. माझी दहावीची परीक्षा सुरू होती.

"आई, जस्ट गो," मी म्हटलं. "आय विल मॅनेज."

उन्हाळ्यासाठी राखलेली वार्षिक रजा आईने दुसऱ्या दिवशी मागून घेतली. बाबा डाळभात शिकले. रत्नागिरीत दोन डॉक्टरांनी तपासून संमती दिली. आई वॉर्डात कावेरीच्या उशाशी बसून राहिली. कावेरीची मावशी कुजबुजली, "सासरी सांगा, पडलं म्हणून." आई काही बोलायच्या आत कावेरीच म्हणाली, "पडलं नाही, मावशी. मी ठरवलं. खोटं सांगणार नाही."

हे सांगताना आईचा आवाज आजही चढतो. "मी नुसती सोबत गेले गं. बोलली ती."

परत आल्यावर खोर फक्कानच्या मराठी बायकांत कुजबूज झालीच. पुढच्या हळदीकुंकवाला कावेरीने सगळ्यांसमोर सरळ काय घडलं ते सांगितलं. शेजारच्या मैमुनाबी उठल्या आणि त्यांनी तिला पोटाशी धरलं. त्यानंतर बायका आडून आडून नव्हे, दार वाजवून आईकडे सल्ल्याला येऊ लागल्या.

बाबा आणि सोमनाथ मात्र पुढची कित्येक वर्षं शुक्रवारी चहावर भांडत राहिले, कायदा देशाने करावा की ज्या त्या अमिरातीने. आई दोघांचंही ऐकून घ्यायची. मग विचारायची, "तुमच्यापैकी कुणी या बायकांना विचारलंय का?"

दोघं चहा प्यायला लागायचे. आणि मला माझ्या आईचा असा काही अभिमान वाटायचा!