मध्याचं गुऱ्हाळ

समस्त नाशिककरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्या शहराच्या ताब्यात असलेला समुद्र गेल्या आठवड्यापासून बंद करण्यात आला आहे. लांबी चार फूट, खोली दोन फूट, मुक्काम कॉलेज रोडच्या मागच्या एका सोसायटीत, दुसरा मजला. भरती-ओहोटीच्या चौकशीसाठी कृपया कोणी येऊ नये. समुद्राचे मालक, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आणि आमच्या टोळक्यात केवळ ‘मध्या’ असलेले मधुकर निकम, हे समुद्राच्याही आधी गेले...

ही जाहिरात मध्याला आवडली असती. तो पोट धरून हसला असता आणि मग म्हणाला असता, “खोली दोन फूट नाही रे वश्या, पावणेदोन. वाळू कोण मोजणार?” गेले दोन महिने मी अशा जाहिराती मनातल्या मनात लिहितो आणि त्या कोणाला वाचून दाखवायच्या हे कळत नाही.

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी फोन आला तेव्हा मी कोपऱ्यावर मेथी निवडून घेत होतो. सुनंदा वहिनींचा आवाज अगदी हळू होता. “भाऊजी, हे उठत नाहीयेत.” त्यांच्या आवाजामागे एक संथ घरघर ऐकू येत होती. मी खरंच म्हणालो, “अहो, उठत कसा नाही? घोरतोय की!” मग माझ्या लक्षात आलं, ती घरघर माशांच्या टाकीखालच्या यंत्राची होती. मध्या पहाटेच कधीतरी झोपेत गेला होता. यंत्र मात्र चालू होतं.

या यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण मध्याबद्दल सांगायचं तर ते टाळून चालत नाही. बँकेतला एक सहकारी बदली होऊन जाताना खाऱ्या पाण्याची टाकी मध्याच्या गळ्यात बांधून गेला. नाशिकला गोदावरी आहे, धरणं आहेत, द्राक्षं आहेत, पण समुद्र नाही. तो समुद्र मध्या पिशवीतलं मीठ शुद्ध पाण्यात कालवून बादलीत तयार करायचा. खऱ्या समुद्रात लाटा आपटतात, फेस होतो आणि पाण्यातला मळ त्या फेसाबरोबर किनाऱ्याला लागतो. घरात लाटा कुठून आणणार? म्हणून टाकीखालच्या कपाटात एक उभं नळकांडं असतं. त्याचं नाव प्रोटीन स्किमर. ते पाण्यात बारीक बारीक बुडबुडे सोडतं, बुडबुड्यांना माशांची घाण चिकटते, फेस वर चढतो आणि माथ्यावरच्या भांड्यात सांडतो. ते भांडं ओतून द्यायचं. झालं. मला हे सगळं तेवीस वेळा, म्हणजे माझ्या मते हजार वेळा, समजावून सांगण्यात आलं होतं.

“तू स्किमर काय म्हणतोस,” मध्या म्हणायचा, “हे गुऱ्हाळ आहे.” त्याचं बालपण निफाडकडच्या उसाच्या शेतात गेलं होतं. काहिलीत रस उकळायला लागला की वर मळी येते. ती वेळेवर काढली तर गूळ सोन्यासारखा होतो, नाहीतर काळा पडतो. मध्याच्या घरात फेसाला मळी हाच शब्द होता. भांड्यात पातळ, चहासारखी मळी आली की तो नाक मुरडायचा, पाणी फुकट जातंय म्हणायचा. दाट, काकवीच्या रंगाची आली की आम्हा सगळ्यांना ती वास घेऊन बघायला लावायचा. गटारासारखा वास. तोंडावर मात्र लेकीचा निकाल लागल्यासारखा आनंद.

ते यंत्र जुळवणं हे मात्र महाकठीण प्रकरण. पाणी बाहेर जायच्या नळीवर एक चावी होती. ती पाव वेढा फिरवायची आणि हात पाठीमागे बांधून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. कारण फेस तुमच्या घाईला भीक घालत नाही. धुऊन पुसून लख्ख केलं की ते रुसतं, हाताला तेल असताना पाण्यात बोट घातलं तरी फेस बसतो. मी एकदा उत्साहात चावी पूर्ण वेढाभर फिरवली आणि हॉलमध्ये फेस वाहत आला. वहिनी पोछा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या दोघांच्या चर्चेचं गुऱ्हाळ पुरत नव्हतं का, म्हणून हे दुसरं मांडलंत?” मध्या हसत हसत सोफ्यावर आडवा झाला होता.

टाकीत क्लाउनफिशची एक जोडी होती, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. मोठी ती मादी, तिचं नाव मॅडम. छोटा तो साहेब. कोणी पाहुणे आले की मध्या आवाज खाली आणून सांगायचा, “या जातीत बायकोच मोठी आणि तिचंच चालतं. ती गेली तर नवराच हळूहळू बायको होतो.” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “तुम्हाला जमायचं नाही ते. साधी पोळी लाटता येत नाही.”

आणि मग मध्या गेला. मुलगी कॅनडाहून येईपर्यंत थांबलो, सगळं उरकलं, परत घरी आलो. फोटो कुठे ठेवायचा यावर कोणाचंच दुमत नव्हतं. टाकीशेजारी! त्याची खुर्ची तिथेच असायची. फोटोला हार घातला, पुढे समई लावली, उदबत्त्या लावल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण आणखी दोन उदबत्त्या लावायचा, मालेगावहून आलेल्या एका पाहुण्यांनी तर धूपाचा डबाच आणला होता. हॉलमध्ये समोरचा माणूस धुरात पुसट दिसत होता. माझं काम एकच होतं. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, “भाऊजी, बाकी काही नको. ही दोघं तेवढी जगवा. ती आहेत तोवर मला सकाळी उठायला कारण आहे.”

मी रोज जात होतो. आटलेलं पाणी भरत होतो, चिमूटभर खाणं टाकत होतो. पण भांड्यात मळी येईना. पाव वेढा उजवीकडे, हात पाठीमागे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बुडबुडे यायचे, अर्ध्यावर चढायचे आणि विरून जायचे. पाणी ताकासारखं गढूळ झालं. मॅडम वर येऊन तोंड उघडमीट करायला लागली. मी चावीला, यंत्राला, शेवटी फोटोतल्या मध्याला शिव्या घातल्या.

नवव्या दिवशी वहिनी टाकीसमोर बसल्या होत्या. अचानक म्हणाल्या, “भाऊजी, हे यंत्र हवा कुठून घेतं?” मी कपाटाबाहेर आलेली बारीक नळी दाखवली. तिचं तोंड फोटोच्या मागेच होतं. धूपाच्या वाटीपासून वीतभर. वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “ते हॉलमध्ये मच्छरची कॉइलसुद्धा लावू देत नव्हते. देवसुद्धा म्हणून आत हलवले... आणि आम्ही त्यांच्याच फोटोला...”

आम्ही आठ दिवस, मोठ्या भक्तिभावाने, मध्याच्या समुद्राला धूर पाजत होतो.

मध्याची मोठी बहीण, अक्का, निफाडहून येऊन राहिल्या होत्या. मी त्यांच्यापुढे हात जोडले. फोटो आतल्या खोलीत नेऊ या म्हटलं. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नाटकात चुकीच्या अंकात शिरलो आहे. “दहा दिवस दिवा हालवायचा नाय. माझा भाऊ अंधारात वाट शोधत चाललाय, आन् तुम्हाला माशांचं पडलंय?”

“अक्का, ते मासे त्याचेच आहेत.”

“आन् दिवा कोनाचा हाय?”

खरं तर अक्का आणि वहिनी, दोघी एकाच माणसासाठी भांडत होत्या आणि दोघींचंही बरोबर होतं. मी सातपूरच्या एका दुकानातून लांब नळी आणली, यंत्राच्या नळीला जोडली आणि तिचं तोंड खिडकीबाहेर काढलं. दिवा जागचा हलला नाही. निम्मं पाणीही बदललं. अक्का नळीकडे बघत एवढंच म्हणाल्या, “लय नाद व्हता त्याला.” आणि पदर डोळ्यांना लावला. पण मॅडम त्याच संध्याकाळी तळाशी आडवी झाली. उदबत्तीनेच गेली असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. वहिनींना मात्र हे सांगून उपयोग नव्हता.

साहेब राहिला. अक्का गेल्या, मुलगी गेली, फोटो भिंतीवर गेला. तिसऱ्या आठवड्यात भांड्यात मळी आली. दाट, काकवीसारखी! मी वहिनींना हाक मारली, त्यांनी वास घेतला आणि पहिल्यांदा थोडं हसल्या. मी लगेच सुटलो, “बघा हं वहिनी, आता साहेबाची मॅडम होणार!” त्या म्हणाल्या, “होऊ दे बाई. कोणीतरी कोणीतरी होऊ दे.” त्या दिवशी मी घरी जाताना स्कूटरवर चक्क गाणं म्हटलं.

साहेबाने खाणं सोडलं. का, ते कळलं नाही. यंत्र उत्तम चाललं होतं, पाणी आरशासारखं होतं, मळी रोज येत होती... सगळं मध्याच्या मनासारखं झालं होतं आणि मासा कोपऱ्यात तोंड लावून उभा होता. पाव वेढा फिरवायला कुठे काही उरलंच नव्हतं. गेल्या आठवड्यात एका सकाळी वहिनींचा फोन आला, या वेळी फोनवर फक्त घरघर होती.

मी गेलो. साहेब तळाशी आडवा होता, त्याला जाळीने बाहेर काढलं. केवढासा तो, माझ्या अंगठ्याएवढा. वहिनींनी त्याला कचऱ्यात टाकू दिलं नाही, स्टीलचा छोटा डबा आणून दिला, मध्याचा बँकेतला लोणच्याचा डबा. मग कपाट उघडून मी यंत्राचं बटण बंद केलं. इतकी वर्षं त्या घरात कधीच नव्हती अशी शांतता झाली. मी डबा उचलला, चपला घातल्या, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “जाता जाता गोदावरीत सोडतो याला.”

वहिनी दारापर्यंत धावत आल्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

“अहो भाऊजी, गोड्या पाण्यात नका सोडू, मरेल ना तो!”