ग्रेगरची वही

इसोबेल टेट आणि तिचा नवरा ग्रेगर थायलंडमध्ये चिअंग माईला राहायला आले ते इसोबेलला कादंबरी पुरी करायची होती म्हणून. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात ती शाळेच्या कचेरीत कारकून होती. तीस वर्षं हजेऱ्या आणि दाखले लिहून जो वेळ उरला त्यात तिने दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या छापूनही आल्या. गावातले लोक तिला 'आमची लेखिका' म्हणायचे. तिसरी कादंबरी, बंदरावर मासे साफ करणाऱ्या बायकांची, अर्ध्यावर अडली होती. एकसष्टाव्या वर्षी तिने नोकरी सोडली, घर विकलं आणि ठरवलं की थंडी नाही, राहणं स्वस्त आहे आणि उठसूट कुणी दार वाजवत नाही अशा ठिकाणी जाऊन बसायचं. ग्रेगर प्लंबर होता, गुडघे थंडीने धरलेले. तो म्हणाला, "तू लिही. बाकीचं मी बघतो."

मी त्यांच्या दहा वर्षं आधी कॅनडातल्या विनिपेगहून इथे आले. आमच्यासारख्या लिहिणाऱ्या परक्यांची एक बैठक दर शनिवारी सकाळी वानमावशीच्या नूडलच्या दुकानाच्या माडीवर भरते, ती मीच चालवते. प्रत्येकाने दहा मिनिटं वाचायचं, मग खाली उतरून खाव सोय, नारळाच्या रश्श्यातली नूडल, खायची. इसोबेल पहिल्या दिवशी आली तीच टाइप केलेली पानं फाइलीत लावून. छान वाचलं तिने. सगळ्यांनी मान डोलावली. तिने घरी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं, तेही तिने मला दाखवलं: सहा ते दहा कादंबरी, दहा ते बारा गावाकडच्या मासिकासाठी मुलांची गोष्ट, दुपारी थाई भाषेचा अभ्यास.

ते वेळापत्रक महिनाभरही टिकलं नाही. ग्रेगरला सरकारी कागद दिसला की घाम फुटायचा. त्यामुळे व्हिसा, बँकेचं पत्र, भाडेकरार, दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायला कचेरीत जाणं, सगळं हिच्याच गळ्यात आलं. पहिलं घर गळायला लागलं. दुसऱ्या घराशेजारी दुपारपासून गाणी लावायचे. तिसरं वानमावशीच्या गल्लीत मिळालं तोवर वर्ष उलटलं होतं. फेब्रुवारीत इथे दर वर्षी लागतात तसे डोंगरांत वणवे लागले, धूर आला आणि तिला खोकला धरला. कादंबरी बारा पानं पुढे सरकली होती. मासिकाची गोष्ट मात्र एकदाही चुकली नाही, कारण त्यांची तारीख ठरलेली असायची.

ग्रेगरला काही कामच नव्हतं. तो सायकल घेऊन हिंडायचा. कुणाचा नळ गळतोय, कुणाची मोरी तुंबलीये, हे त्याला कसं कळायचं देव जाणे. पैसे घ्यायचा नाही. लोक पपई द्यायचे, चिकट भाताच्या पुड्या द्यायचे. बाजारात उभ्या उभ्या तो मोडकंतोडकं थाई बोलायला शिकला, आणि इसोबेल पुस्तकातून जे शिकत होती त्याच्या पुढे गेला. वानमावशी तिला म्हणालीसुद्धा, "तुझा नवरा आमच्यातला झाला बघ. तू अजून पाहुणीच." मावशीने ते प्रेमाने म्हटलं होतं. इसोबेलला ते लागलं.

एका शनिवारी दोघं वाचणारे आले नाहीत आणि वेळ उरला. ग्रेगर बायकोला न्यायला आला होता, तो जिन्यातच उभा होता. मी सहज म्हटलं, "ग्रेगर, तू काही ऐकवतोस का?"

"मी काय ऐकवणार? कामाची वही आहे खिशात."

"मग तीच वाच."

त्याने शाळेची साठपानी वही काढली. कुठल्या घरी काय दुरुस्त केलं ते तो लिहून ठेवायचा, जुनी सवय. त्या दिवशी त्याने वाचलं ते विहाराच्या न्हाणीघराबद्दल होतं. तिथला नळ कित्येक वर्षं टपकत होता. हा दुरुस्त करत होता तेवढा वेळ एक म्हातारे भिक्षू जवळ उकिडवे बसून बघत राहिले. काम झाल्यावर त्यांनी नळ तीनदा उघडला, तीनदा बंद केला आणि म्हणाले, छान झालं, पण आता मला रात्री सोबत नाही. ग्रेगरने पुढे लिहिलं होतं, 'मी वॉशर थोडा सैल केला आणि घरी आलो.'

 माडीवर एकदम सगळे बोलायला लागले. मी इसोबेलकडे पाहिलं. ती हसत होती, पण फाइल छातीशी घट्ट धरून. खरं सांगायचं तर मलाही हेवा वाटला. मी बारा वर्षं आठवणी लिहितेय, त्यात असं एक वाक्य नाही.

पुढच्या शनिवारपासून लोक त्याची वाट बघायला लागले. इसोबेलचं वाचून झालं की कुणीतरी हळूच विचारायचं, "ग्रेगर आलाय का?" ती मला नंतर म्हणाली, "लोर्ना, मी हशे मोजायची. त्याला किती वेळा हसले, मला किती वेळा. घरी जाताना आकडा डोक्यात असायचा. चाळीस वर्षं संसार केला ज्या माणसाशी, त्याला दोन वाक्यं सुचली तर मला ते बघवायचं नाही."

मग तिने एक केलं. ग्रेगरला म्हणाली, "आण ती वही. तुझं शुद्धलेखन भयंकर आहे, मी नीट करून देते." तो खूश झाला. रोज सकाळी, कादंबरीच्या वेळात, ती वहीतला मजकूर सुट्या पानांवर उतरवून लाल पेन घेऊन त्याच्या शेजारी बसायला लागली. भिक्षूंचं ते बोलणं तिने खोडलं आणि वर लिहिलं, 'त्यांच्या सुरकुतलेल्या मुद्रेवर एकाकीपणाची छटा तरळली.' सैल केलेला वॉशरही काढून टाकला. ग्रेगर पुढच्या बैठकीपासून सुधारलेली पानं वाचायला लागला. लोक शिष्टाचार म्हणून ऐकायचे.

"मागच्यासारखं नाही झालं रे," एकजण म्हणाला.

"असेल," ग्रेगर म्हणाला. "पण आता व्याकरण बरोबर आहे."

त्या पावसाळ्यात मलेशियातल्या पेनांगहून चेंग सूलिन आली. तिचं लहानसं प्रकाशनगृह आहे, वर्षाला पाच-सहा पुस्तकं काढते. बैठकीला बसली, दोघांचीही पानं घेऊन गेली. ग्रेगरने चुकून नवी पानं न देता मूळ वहीच दिली. महिन्याभराने ईमेल आला. ग्रेगरचा वेगळा पत्ता नव्हता, घरात एकच पत्ता, तो इसोबेल बघायची. सूलिनने लिहिलं होतं की इसोबेलबाईंचं लेखन कसदार आहे, पण आमच्या पुस्तकांत बसणारं नाही. ग्रेगरची वही मात्र आम्हाला जशीच्या तशी छापायची आहे.

इसोबेलने ते दोनदा वाचलं. मग ग्रेगरच्या नावाने उत्तर लिहिलं: आभारी आहे, पण मला छापण्यात रस नाही. पाठवलं आणि दोन्ही ईमेल पुसून टाकले. ग्रेगर तेव्हा मागच्या अंगणात वानमावशीच्या पंपाशी खटपट करत होता. तिने आतून चहा हवा का विचारलं, तर तो म्हणाला, "नाही गं, चहा नको. हात घाण आहेत."

तीन महिने तिने हे पोटात ठेवलं. कादंबरीही लिहिली नाही. पुढ्यात पान घेऊन बसायची आणि उठायची.

नोव्हेंबरात सूलिन पुन्हा आली. मी आणि ग्रेगर खाली दुकानात खात होतो. ती थेट आमच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "ग्रेगर, तुम्ही नाही म्हणालात त्याचं मला फार वाईट वाटलं. इतकं सरळ लिहिणारा माणूस माझ्या हाती क्वचित लागतो."

ग्रेगरने चमचा खाली ठेवला. तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटतं चार-पाच क्षणांत त्याला सगळं कळलं.

"हो," तो म्हणाला. "तेव्हा मन होत नव्हतं."

सूलिन दुसऱ्या टेबलाशी गेल्यावर मी विचारलं, "ग्रेगर, तुला ईमेल आलाच नव्हता ना?"

"जेव तू, लोर्ना. निवतंय."

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इसोबेलकडे गेले आणि जे पाहिलं ते तिला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. हातातला शर्ट तिने तसाच बादलीत टाकला.

"खोटं बोलला माझ्यासाठी?"

"अगदी सहज."

"आणि घरी येऊन मला म्हणतो, आज खाव सोय तिखट होती."

त्याच दुपारी तिने त्याला ईमेलचं सगळं सांगितलं. हे मला दोघांकडूनही कळलं, आणि दोघांचं सांगणं जुळतं. ग्रेगर म्हणाला, "पुस्तकाचं ठीक आहे. मला कुठे पुस्तक काढायचं होतं." मग त्याने विचारलं, "आणि ते लाल पेन? तेही त्यासाठीच होतं?"

तिने खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून "हो" गेलं.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "तू माझ्याजवळ बसतेस. इथे आल्यापासून तेवढ्याच सकाळी तू माझ्याजवळ बसलीस."

तो रागावला नाही. पण सायकल काढून विहारात गेला आणि नऊ दिवस तिथल्या टाकीचं काम करत तिथेच राहिला. इसोबेल रोज गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत यायची. वानमावशीने एकदा विचारलं, "भांडलात?" ही म्हणाली, "मी वाईट वागले." मावशीने तिला भात बांधून दिला आणि म्हणाली, "मग नेऊन दे की त्याला. इथे उभी राहून काय होणार?"

ती गेली. काय बोलणं झालं ते कुणी सांगितलं नाही. दोघं सायकल ढकलत परत आली एवढं मी पाहिलं.

सूलिनला तिनेच खरं काय ते लिहून कळवलं. पुस्तकाला ग्रेगर तयार झाला, पण त्याची एक अट होती. टाइप इसोबेलने करायचं आणि एकही शब्द बदलायचा नाही. ती सहा आठवडे बसली. "प्रत्येक वाक्याला हात शिवशिवतो," ती मला म्हणायची, "आणि प्रत्येक वाक्य माझ्यापेक्षा चांगलं आहे. ते स्वतःच्या हाताने परत टाइप करायचं म्हणजे काय, तुला कल्पना नाही." मला होती.

त्या काळात आणखी एक झालं. नव्वद दिवसांची तारीख आली तेव्हा ग्रेगर स्वतः कचेरीत गेला. अर्ज चुकला, परत गेला. तिसऱ्या खेपेला जमला. आता ते सगळे कागद तोच बघतो, दर वेळी शर्ट घामाने भिजवून घरी येतो, आणि सहा ते दहा ती लिहिते.

पुस्तक आलं. लहानसंच आहे, पण पेनांगला आणि सिंगापूरला चांगलं गेलं, दुसऱ्यांदा छापलं. लोक त्याच्याकडे सही मागायला येतात. इसोबेलची कादंबरी गेल्या एप्रिलमध्ये पुरी झाली. स्कॉटलंडच्या प्रकाशकाकडे पडून आहे, उत्तर नाही.

परवा शनिवारी एक नवी मुलगी बैठकीला आली, हातात ग्रेगरचं पुस्तक. तिने इसोबेलला विचारलं, "तुम्ही त्यांच्या पत्नी ना? तुम्हीही लिहिता का?"

इसोबेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेजारी ग्रेगर होता, तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"लिहिते," इसोबेल म्हणाली. "बस इथे, आता माझीच पाळी आहे." आणि फाइल उघडून तिने पहिलं पान काढलं.