मी खूप चेष्टा केली

"चेष्टा करतोस काय माझी?"

गुरुजींनी माझी वही दोन बोटांच्या चिमटीत धरली होती. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तशी. सहावीचा वर्ग. निबंधाचा विषय 'माझी आई'. मी लिहिलं होतं की आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाते आणि घरी आली की तिच्या हातांना गवताचा वास येतो.

"हे कुणाकडून लिहून घेतलंस?"

"म्याच लिव्हलं, गुरुजी."

वर्ग हसला. आमची वस्ती गावकुसाबाहेर. आमच्या बोलण्याला हसायला कारण लागत नसे.

गुरुजींनी खडू पुढे केला. "लिही फळ्यावर. पहिलं वाक्य."

वाक्य पाठ होतं. माझंच होतं. पण हात चालेना. खडू मोडला.

"बघा," गुरुजी वर्गाला म्हणाले. एवढंच. मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. 'व्हतं'चं 'होतं' केलं, 'लिव्हलं'चं 'लिहिलं' केलं. बारावीपर्यंत माझ्या बोलण्यात आमची वस्ती सापडेनाशी झाली. मग मी आईला सुधारू लागलो. ती बोलायला लागली की मध्येच शब्द दुरुस्त करायचो. हळूहळू ती माझ्याशी एकेका शब्दात बोलू लागली. जेवलास? निघालास? ये. इतक्या लहान बोलण्यात चूक निघत नाही. ती गेली तोवर असंच चाललं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता पन्नाशीला आलोय. रेल्वेत नोकरी, बारा वर्षं बनारसला. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत जुन्या मराठी घरांची एक संस्था आहे. तिच्या सभागृहात दर रविवारी मी मराठी लेखन शिकवतो. काही मुलांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे, पण बोलण्यापुरती. लिहायला बसली की हिंदीच हाताशी येते. काही मुलं मुळातच हिंदी बोलणारी. मराठीत लिहिणं दोघांनाही परकंच.

संस्थेच्या चिटणीसांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांची काशीतली सातवी पिढी. मी शिकवायला लागलो त्याच महिन्यात ते म्हणाले होते, "सर, तुमची मराठी ऐकून कुणाला पता नाही लागणार हं." कशाचा पत्ता, हे मी विचारलं नाही. हसलो. बारा वर्षं हसत आलो. चहा येतो. माझ्या कपाच्या कडेला टवका आहे. दर रविवारी तोच कप. योगायोग असेल. पण मी दर रविवारी बघतो.

रेखा पंचगंगा घाटावरच्या नाववाल्याची मुलगी. बी.ए. झालेली. यंदाच वर्गात आली. संस्थेच्या यात्री निवासात एक जागा निघाली होती. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या पत्रांना मराठीत उत्तरं लिहायची. अट एकच, माझ्या वर्गाचा दाखला. अर्ज दोन आले. एक रेखाचा. दुसरा भाऊंच्या पुतण्याचा, ओंकारचा.

दाखल्यासाठी दोघांनी घरून निबंध लिहून आणायचा होता. विषय 'माझं घर'.

त्या रविवारी वर्गाआधी भाऊंनी मला बाजूला घेतलं. "रेखाचं जरा नीट चेक करा, सर. घाटावर मराठी पाहुणे येतच असतात. कुणाकडून पण लिहवून आणेल. या लोकांचं तुम्हाला माहीत नाही."

या लोकांचं. तुम्हाला. मी मान हलवली.

ओंकारनं लिहिलं होतं, "मी न्हाऊन चुकलो होतो तेव्हा पाहुणे आले." हिंदीतलं 'नहा चुका था' जसंच्या तसं. मी विचारलं, "अरे, न्हाण्यात चुकलास कुठं?" सगळे हसले, ओंकारही हसला. मागे बसलेले भाऊ म्हणाले, "हा आपला बनारसी गोडवा, सर!" मी ती चूक धरली नाही.

मग रेखाची वही उघडली.

"माझ्या बाबांची नाव आहे. नावेवर नाव आहे. पण ते बाबांचे नाही, साडीच्या दुकानाचे आहे."

मी थांबलो. वाक्य फार चांगलं होतं. चांगलं होतं म्हणूनच थांबलो. हे हिला सुचलं? खाली शेवटची ओळ होती, "सर, मी मराठीत लिहिण्याची खूप चेष्टा केली आहे."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मला ठाऊक आहे. मागच्या वर्षीच्या मुलांना अशा फसव्या शब्दांची यादी मीच करून दिली होती. पण त्या क्षणी मला फक्त मराठीतला अर्थ दिसला. संशय आधी आला. कळणं मागून येणार होतं.

"उभी राहा. हे कुणाकडून लिहून घेतलंस?"

तिला कळलं नाही. मी हिंदीत विचारलं, "किससे लिखवाया?"

"हम खुद लिखे हैं, सर."

"चेष्टा करतेस काय माझी?"

तिचा चेहरा उजळला. ओळखीचा शब्द सापडला होता. "हो सर! खूप केली. तीन दिवस."

वर्ग हसला. ओंकार बाक बडवून हसला. मी हसलो नाही, पण थांबवलंही नाही. माझ्या कानात 'म्याच लिव्हलं' वाजलं. ते कुणाला ऐकू गेलं नाही. गुरुजी मात्र वर्गात आले होते. माझ्या जागी उभे होते. माझ्याच तोंडानं बोलत होते.

रेखानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग पुढे आली. मी खडू दिला नव्हता, तिनं टेबलावरून उचलला.

"विषय दीजिए. सबके सामने लिखते हैं."

"पाणी," मी म्हणालो.

ती लिहू लागली. खडू मोडला नाही. "पुराचा पाणी येतो तेव्हा घाटाची पायरी कमी होऊन जाते. बाबा रोज उरलेली पायरी मोजतात आणि नाव वर बांधतात. मग नाव गल्लीत येऊन जाते आणि आम्ही घरातून निघून जातो."

पुराचा पाणी. येऊन जाते. हिंदीतून चालत आलेल्या चुका. उसन्या लेखनात अशा चुका नसतात. आता कुणी हसत नव्हतं.

"आणि ते नावेवरचं नाव?" मी हळूच विचारलं.

"हिंदी में नाव अलग, नाम अलग. मराठी में दोनों एक. हमको मज़ा आया, तो लिख दिए."

मराठी घरात वाढलेल्याच्या हे सहसा ध्यानातच येत नाही. आम्ही नाव म्हणतो आणि पुढं जातो. जो बाहेरून येतो तो दाराशी थबकून बघतो. बारा वर्षं लेखन शिकवतोय मी, आणि बाहेरून आलेल्याची नजर मला ओळखता आली नाही. मी स्वतः बाहेरून आलेला.

मी तिला 'चेष्टा'चा मराठी अर्थ सांगितला.

"मतलब आप पूछ रहे थे कि हम आपका मज़ाक उड़ा रहे हैं?"

"हो."

"और मज़ाक उड़ा किसका?"

"माफ कर, रेखा."

तिनं वही मिटली. "सर्टिफिकेट लिखिए, सर. माफ़ी से नौकरी नहीं मिलती."

मी तिथंच लिहिलं. हे लेखन रेखानं स्वतः, वर्गासमोर केलं आहे. चुका आहेत, त्या शिकणाऱ्याच्या आहेत. ती यात्रेकरूंना मराठीत उत्तरं लिहू शकते. सही केली. तिनं कागद शब्दन्‌शब्द वाचून पाहिला. माझ्यावर विश्वास ठेवायला तिच्याकडे कारण उरलं नव्हतं. नमस्कार न करता गेली.

वर्ग सुटल्यावर भाऊ चहा घेऊन आले. "गलत्या मोजायच्या होत्या ना, सर. ओंकारपेक्षा ज्यादाच निघाल्या असत्या."

"ओंकारच्या मी मोजल्याच नाहीत. आणि त्याचं कुणी लिहून दिलं, हेही विचारलं नाही."

"त्याला काय विचारायचं? घरचा पोरगा."

"पुढच्या रविवारी त्यानं फळ्यावर लिहायचं. सगळ्यांसमोर. तोवर त्याला दाखला नाही."

भाऊंनी आवाज खाली आणला. "तुम्ही का मनाला लावून घेता? तुम्ही वेगळे आहात, सर."

बारा वर्षं हे वाक्य मी चहाबरोबर गिळत आलो होतो. टवक्याचा कप उचलला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"म्या येगळा न्हाई, भाऊ. म्या गावकुसाभायरचाच हाय."

आईची बोली. चाळीस वर्षांनी तोंडात आली. कुठं अडखळली नाही.

भाऊंनी तो कप बाजूला सारला. मग म्हणाले, "पुढचा रविवार होईल की नाही, ते कमिटीला पुछावं लागेल."

पुछा. सभागृहाला कुलूप दिसलं तर मी घाटाच्या पायऱ्यांवर वर्ग घेईन. रेखा येईल असं मी धरून चाललेलो नाही. तिनं यावंच असं मी काही केलेलं नाही. पण जो येईल त्याला 'हे कुणाकडून लिहून घेतलंस' असं मी विचारणार नाही. माझ्या वर्गात ज्याला ते विचारायचं असेल, त्यानं आधी उठावं, खडू घ्यावा आणि स्वतःचं एक वाक्य सगळ्यांसमोर लिहून दाखवावं.