वसंतकाकांच्या फ्रेममध्ये येऊ नका

विमानात बॅगांना वजनाची मर्यादा असते, किश्श्यांना नसते, हे फार बरं आहे. नाहीतर हवाईहून परतताना निम्मे किस्से आम्हाला विमानतळावरच काढून ठेवावे लागले असते! आठ दिवसांची ट्रिप, पाच माणसं, आणि जर्सी सिटीत परतून चार महिने झाले तरी अजून सांगून संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागे दुसरा उभाच असतो.

पाच माणसं म्हणजे मी, माझा नवरा मंदार, आमची नऊ वर्षांची ईशा, आणि जवळच्याच आयसेलिन गावचे वसंतकाका आणि सुनंदाकाकू. काका रिटायर्ड रेडिऑलॉजिस्ट. जन्मभर एक्स-रे बघितले, त्यामुळे कुठेही बारीकसा ठिपका दिसला की त्यांना चैन पडत नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी फोटोग्राफी धरली, तीही फक्त निसर्गाची. समुद्र, कडे, ढग, लाटा. माणूस आला की फोटो बिघडला, हे त्यांचं ठाम मत.

*

हवाईला उतरण्याआधी विमानात एक फॉर्म देतात. झाडं, बिया, फळं, प्राणी, काय काय आणलंय ते लिहा म्हणून. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून 'नो'वर खूण केली. काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खरं खरं लिहिलं: ताजा कढीपत्ता, कोथिंबीर एक जुडी, मेतकूट अर्धा किलो.

खाली उतरल्यावर अर्थातच एका ऑफिसरनं काकूंना बाजूला घेतलं. कढीपत्ता गेला, कोथिंबीर गेली. मेतकुटाची पिशवी मात्र तो बराच वेळ उलटसुलट करून बघत होता.

"मॅम, इज धिस अ प्लांट ऑर ॲन ॲनिमल?"

काकू म्हणाल्या, "इट इज फॉर राइस. सॉफ्ट राइस. विथ तूप."

मेतकूट सुटलं!

*

पहिल्याच दिवशी काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर गेलो. काय सांगू तुम्हाला! लाव्हा समुद्रात पडून फुटला, त्याची ही वाळू झालेली. कोळशासारखी काळी, तिच्यावर पांढरा फेस, मागे नारळाची झाडं. मी नागपूरला आईला व्हिडिओ कॉल लावला.

आई स्क्रीनच्या एकदम जवळ आली. "अवं, हे रेती काळी काहून आहे?"

"जळलेली आहे आई. ज्वालामुखीची."

"मंग इतक्या दूर जळालेली रेती पाहाले गेल्या का तुम्ही?"

मी फोन ईशाकडे दिला.

*

तिथेच काकांनी ट्रायपॉड लावला. काकूंनी केस नीट केले, पदर सारखा केला आणि लाटांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी लेन्समधून डोळा न काढता हात हलवला.

"सुनंदा, फ्रेममध्ये येतेयस."

काकू निमूटपणे बाजूला झाल्या. नंतर माझ्याशेजारी वाळूत बसून म्हणाल्या, "मेघना, सहा ट्रिपा झाल्या यांच्या. प्रत्येक ट्रिपनंतर घरी सगळ्यांना बोलावून स्लाइड शो. मी एकाही फोटोत नाही गं! मागच्या वेळी तर एकीनं विचारलं, काकू, तुम्ही नव्हता का गेलात?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, चहा टाकते."

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, चला, माझ्या फोनवर काढते तुमचा फोटो. तर काकू उसळल्याच. "तुझ्या फोनवर नको. यांच्या कॅमेऱ्यात यायचंय मला! स्लाइड शोमध्ये, वीस माणसांसमोर, दिसायचंय!"

*

दुसऱ्या दिवशी पाऊस. तिथे पाऊस म्हणजे नुसता ओतत असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात डोक्यावरून घालायचे प्लास्टिकचे पोंचो होते. निळे, हिरवे, पारदर्शक. काकूंनी सगळे बाजूला सारून लाल काढला. असा लाल, की मंदारनं डोळ्यांवर हात धरला.

"काकू, हा फार भडक आहे."

"लांबून दिसेल ना?"

"काकू, हा विमानातून दिसेल!"

"द्या मग पॅक करून," काकू म्हणाल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

*

मंदारनं ट्रिपचं स्प्रेडशीट केलं होतं. पंधरा पंधरा मिनिटांचं! त्याप्रमाणे आम्ही ज्वालामुखीकडून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यानं निघालो. जाता जाता रस्ता संपला. म्हणजे खरोखरच संपला. जुना लाव्हा डांबरावरून वाहत गेलेला आणि तिथेच थिजलेला. मंदार गाडीत बसून फोनवर दुसरा रस्ता शोधत होता.

ईशा म्हणाली, "डॅड, देअर इज नो रोड. इट्स, लाइक, लाव्हा."

"हो गं, पण शेड्यूलमध्ये अजून चाळीस मिनिटं पुढे जायचंय यार!"

*

त्या रस्त्याच्या टोकाला मोठा कडा आहे. समुद्रानं खालून कोरत कोरत दगडाची कमान केलीय. लाटा तिच्यातून आत येतात तेव्हा पायाखाली धप्प आवाज होतो. काका खूश! ट्रायपॉड, फिल्टर, रिमोट, सगळं लागलं. काकू केव्हाच पुढे चालत गेल्या होत्या.

पाच मिनिटांनी काका ओरडले, "अरे, ती लाल बाई कोण आहे? अगदी मधोमध!"

लांब, कठड्याच्या अलीकडे, भाताच्या शितापेक्षा मोठी दिसत नव्हती. पण लाल होती, आणि हात हलवत होती.

"मंदार, जा रे, तिला सांग जरा सरकायला. नम्रपणे सांग."

मंदार गेला. जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं, मध्ये काकूंबरोबर बसून शेंगदाण्याची चिक्की खायला पाच मिनिटं. परत येऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "काका, ती म्हणते मी हलणार नाही. म्हणते, मी पण सुट्टीवर आलेय."

"काय उद्धट बायका असतात एकेक!" काका म्हणाले.

थोड्या वेळानं काकू परत आल्या. पोंचो घडी करून पर्समध्ये. काकांनी त्यांना विचारलं, "तुला दिसली का ती बाई?" काकू म्हणाल्या, "जवळूनच बघितली. बरी होती दिसायला."

मी म्हटलं, काकू, त्यांनी ओळखलं कसं नाही? काकू म्हणाल्या, "अगं, माझ्या अंगावर काय आहे हे त्यांनी कधी बघितलं असतं तर आणखी काय हवं होतं!"

त्यानंतर लाल बाई सगळीकडे हजर. धबधब्याच्या तोंडाशी, दीपगृहापाशी, हिरव्या वाळूच्या टेकडीवर.

*

त्या किनाऱ्यांवर मोठाली कासवं येऊन ऊन खात पडतात. वीस फूट लांब राहायचं, हा नियम. काका नियम पाळून वीस फुटांवर पोटावर आडवे झाले. कासवानं मान वर करायची वाट बघत राहिले. कासव झोपलेलं. वारा छान. हळूहळू काकाही झोपले!

आम्ही शहाळं पिऊन आलो तर तिथे दोरी लागलेली. देखरेखीला असलेल्या बाईंनी कासवाभोवती चांगला ऐसपैस घेर धरला होता आणि काका आतच राहिले होते. पुढे पाटी: 'आराम करत आहे. त्रास देऊ नका.' जपानी टुरिस्ट लांबून फोटो काढत होते.

ईशा ओरडली, "आजोबा इज एन्डेंजर्ड!"

*

आणि हा शेवटचा, आयसेलिनचा.

परत आल्यावर महिन्याभरानं काकांचा स्लाइड शो ठरला. भर दुपारी पडदे ओढलेले, वीस-बावीस माणसं, मिसळीच्या प्लेटा. काकूंनी नवी साडी नेसली होती. माझ्याशेजारी बसून माझा हात घट्ट धरला.

पहिली स्लाइड, काळी वाळू. मग कड्याची कमान आली. समुद्र, फेस, आभाळ. लाल काहीच नाही.

मी डोळे ताणून बघितलं. धबधबा. दीपगृह. हिरवी वाळू. कुठेच नाही. काकूंनी माझा हात सोडला.

मला राहवेना. मी विचारलं, "काका, तिथे माणसं नव्हती का हो?"

"अगं, विचारू नकोस!" काका रंगात आले, कड्याच्या कमानीची स्लाइड परत लावली. "एक लाल पोंचोवाली बाई! जिथे जावं तिथे ही आपली उभी! तीन आठवडे बसलो कॉम्प्युटरवर. एकेका फोटोतून काढली तिला. आता शोधून दाखव, सुईच्या टोकाएवढीसुद्धा सापडायची नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंदारनं मान खाली घातली. काकू उठून आत गेल्या. मला वाटलं, आता काही बाहेर येत नाहीत.

आल्या. साडीवरून लाल पोंचो, डोक्यावर टोपी ओढलेली. सरळ चालत पडद्यापाशी गेल्या आणि प्रोजेक्टरच्या झोतात उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगावर समुद्र, खांद्यावर कडा, कपाळावर फेस.

"आता काढा," काकू म्हणाल्या.

कोणाचा तरी चमचा खाली पडला. काका बघतच राहिले. खूप वेळ, एक्स-रे बघायचे तसे, पुढे वाकून. मग उठले, कपाटातून कॅमेरा काढला, आणि डोळा न लावताच म्हणाले,

"पडदे उघडू नका रे कोणी."