गोधडी पांघरलेली गाडी

आमच्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर हातशिलाईचे टाके आहेत. ते माझ्यामुळे पडले. मला साधं बटण लावता येत नाही.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते गेले आणि गाडी वर्षभर छपराखाली उभी राहिली. आईचंही तेच, कळंबच्या आमच्या घराचा उंबरा तिने ओलांडला नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर कळसच्या मामांनी तिला माहेरी बोलावलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यांच्याच गाडीत यीन. पण असल्या पोपडं आलेल्या गाडीत न्हाय." मी लगेच गाडी बारामतीला रंगवायला टाकली. न जाणो, तिचं मन फिरलं तर!

रंगाऱ्याने गाडी देताना बजावलं, "सर, रंग अजून कच्चा हाय. महिनाभर साबण न्हाय, पॉलिश न्हाय, घासायचं न्हाय. नुसतं पाणी सोडायचं." मी वहीत लिहून घेतलं. (त्याला वाचूनही दाखवलं. तो जरा घाबरला.)

कळसला जायच्या आदल्या दिवशी शेजारच्या तात्यांनी उसाचं पाचट पेटवलं. दहा मिनिटांत गाडी काळ्या राखेने भरली. घासायचं नाही, म्हणून मी तांब्या-तांब्याने पाणी सोडू लागलो. तात्या बांधावर येऊन बघत राहिले.

"सर, पाचवी झाली का हिची?"

"रंग कच्चा आहे, तात्या."

"मग टाळूला तेल घाला की! आन झाकून ठिवा, सकाळी दुसरं रान पेटवायचं हाय."

झाकण्याविषयी वहीत काही नव्हतं. ताडपत्रीने चरे पडतील, म्हणून मी घरातली सर्वांत मऊ वस्तू आणली: आईची गोधडी. ती ओल्या बॉनेटवर पसरली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर शब्दकोशाचे चार खंड ठेवले. (दगड ठेवायला मी काय अडाणी आहे!)

सकाळी गोधडी उचलली. खाली दुसरी गोधडी होती. रंगात उठलेली, टाक्याला टाका!

रंगाऱ्याला फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं.

"गोधडी? सर, गाडीला थंडी वाजत व्हती का?"

"आता काय करू?"

"आणा परत. आठ दिस लागतील."

तेवढ्यात आई नवं लुगडं नेसून ओट्यावर आलीच. आता ही आत वळली, तर पुन्हा वर्षभर बाहेर पडायची नाही, हे मला ठाऊक होतं. मी बॉनेटसमोर आडवा उभा राहिलो. बॉनेट माझ्यापेक्षा रुंद आहे.

आईने मला बाजूला सारलं आणि टाक्यांवरून बोट फिरवलं.

"ही तर माजी शिलाई. हितं दोरा तुटला व्हता. गाठ बी उठलीय बग."

"आई, आठ दिवस थांबलो तर..."

"कशापायी? ह्या गोधडीला सुईत दोरा त्यांनी ववून दिलाय. एका दोऱ्याला अर्धा तास!" ती पुढचं दार उघडून बसली. "मागं नको. हितनं दिसतंय."

कळसला मामांनी गाडीभोवती चक्कर मारली. "भाचेबुवा, ही नक्षी कुठं काढून मिळती?"

"त्यानं गाडी धुतली!" आईच म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की मामी घाबरून पाणी घेऊन धावल्या. वर्षभरानंतर मी तिचं हसू ऐकलं.

गाडी अजून तशीच आहे. आई रंगाऱ्याकडे नेऊ देत नाही. धुतेही तीच. मला लांबून बघायची परवानगी आहे, तीही हातात काही नसेल तर.