चौथी पट्टी

विलासमामा गेले तेव्हा मी हैदराबादला सिम्युलेटरमध्ये होते. एक इंजिन बंद पडल्यावर विमान कसे उतरवायचे, याची परीक्षा चालू होती आणि फोन बाहेर कपाटात होता. परीक्षा संपवून बाहेर आले, तर आष्ट्याहून मामेभाऊ सूरजचे पाठोपाठ आलेले फोन... सुट्टीवर घरी आलेले मामा सकाळी उसाचे पाणी बघायला गेले आणि बांधावरच कोसळले. पन्नाशीही गाठली नव्हती. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

साताऱ्यात मी भौतिकशास्त्र शिकत असताना ‘विमान उडते कशामुळे’ यावर मामा माझ्याशी तासन्‌तास वाद घालत. त्या वादांतूनच मी वैमानिक झाले. ते स्वतः एका छोट्या विमान कंपनीत सहवैमानिक होते. खांद्यावर तीन पट्ट्या. चौथी पट्टी कॅप्टनची. ती अगदी जवळ आली असतानाच एका मोठ्या कंपनीने त्यांची कंपनी विकत घेतली आणि मामांसारख्या तिथल्या सर्व वैमानिकांची सेवाज्येष्ठता विलीनीकरणाच्या दिवसापासून मोजायची असे ठरवले. आधीची सारी सेवा शून्य. कालपरवा नोकरीला लागलेली मुले मामांच्या वर गेली.

माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, हे कळेना. आमच्या भागात उसाची तोड लागणीच्या, म्हणजे लावणीच्या, नोंदीप्रमाणे येते. ज्याची लागण आधीची, त्याच्या रानात तोडणीची टोळी आधी. मामांनी तोच दाखला दिला. “समजा, आपला कारखाना दुसऱ्यानं घेतला आन्‌ म्हनला, तुमची लागण आजपास्नं धरणार. मग?”

आबा उसळले, “आरं, उभ्या उसाला तुरं येऊन वजन घटंल की! रानात नुसतं बघत बसायचं व्हय?”

“बसलोय की,” मामा म्हणाले.

ज्येष्ठता हा केवळ मानापमानाचा प्रश्न आहे, असा बाहेरच्यांचा समज असतो. वैमानिकाचा पगार, कोणते विमान उडवायचे, घर कोणत्या शहरात करायचे, दिवाळीला घरी असणार की परक्या गावच्या हॉटेलात, हे सगळे त्या एका क्रमांकावरून ठरते. मामा ज्यांच्या शेजारी बसून तेच ढग, तोच वारा झेलत, त्यांतले कित्येक कॅप्टन वयाने आणि अनुभवाने त्यांच्याहून लहान होते. पगारातली तफावत मात्र वाढतच गेली. गावात निराळीच गंमत. पारावरून हाक यायची, “आवं कॅप्टन, इमान कुठं लावलंसा, उसात?” मामा हसत आणि न चुकता सांगत, “कॅप्टन न्हवं गड्या, अजून किन्नरच हाय.” किन्नर म्हणजे ट्रकवरचा क्लीनर.

सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी कंपनीविरुद्ध दावा लावला. पुढे एका अधिकाऱ्याने खासगीत सुचवले की दाव्यातून नाव काढून घ्या, पुढच्या तुकडीत तुम्हाला कॅप्टन करू. त्या दिवशी मी आष्ट्यालाच होते. मामी भाकरी थापता थापता म्हणाली, “घ्या की आवं! एक पट्टी लावली तर कुणाचं काय जातंय?”

“माझ्या म्होरं जे हायत, त्येंचं जातंय. तोड आधी मिळावी म्हणून च्येरमनच्या घरी चा प्यायला जाणारा मी न्हवं.”

मामी त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

ज्येष्ठता म्हणजे गुणवत्ता नव्हे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण गुणवत्ता सिम्युलेटर तपासतो, ठरावीक काळाने आणि निर्दयपणे. जो नापास होतो, तो उडत नाही. उत्तीर्णांमधला क्रम जर मर्जीवर सोपवला, तर बढतीची वाट पाहणारा सहवैमानिक “हे विमान आज उडवणे योग्य नाही” असे म्हणायला कचरेल. त्या कचरण्याची किंमत मागे बसलेले प्रवासी मोजतील. तारीख कोणाची मर्जी सांभाळत नाही, म्हणून ती मला मान्य आहे.

मी आष्ट्याला पोहोचले तेव्हा चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. ‘कॅप्टन विलासराव’... आणि खांद्यावर चार पट्ट्या. चौथी फ्लेक्सवाल्याने संगणकावर चिकटवलेली. घरी गेल्या गेल्या मी सूरजला तो उतरवायला सांगितला.

“तायडे, लोकं काय म्हणत्याल? आख्खं गाव त्यास्नी कॅप्टनच म्हणतंय. मी चांगल्यासाठनंच सांगितलं त्याला.”

मामी आतून म्हणाली, “उतरव रं. जित्तं असताना घेतली न्हाई त्येनी, मेल्यावर चिकटवतूस व्हय?”

संध्याकाळी नवा फ्लेक्स लागला. तीन पट्ट्यांचा.

मी त्याच मोठ्या कंपनीत सहवैमानिक आहे, विलीनीकरणाच्या थोडी आधी लागलेली. दावा लागल्यावर मामांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दाव्याला पाठिंबा म्हणून सही केली. दावा जिंकला तर ती सगळी माणसे माझ्या वर जातील आणि माझी चौथी पट्टी काही वर्षे लांबेल. एका वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन विचारले, “यात तुझाच तोटा आहे, कळतंय ना?” मी म्हटले, “सर, मी गणित करूनच सही केली आहे.” मला कॅप्टन व्हायचेच आहे आणि मी होणार. माझी पाळी आल्यावर.

आष्ट्याच्या माजघरात खुंटीला मामांचा पांढरा सदरा आहे, खांद्यावर तीन पट्ट्या लावलेला. मामी तो अजून धुते, इस्त्री करते आणि पुन्हा तिथेच अडकवते. गेल्या खेपेला मी म्हटले, “मामी, आता घडी करून कपाटात ठेव ना.”

“निकाल लागू दे,” ती म्हणाली, “मग ठिवीन.”