परक्या दक्षिणेची चवळी

नोव्हेंबरात लंडनजवळच्या वॉटफर्डला दुपारी चारलाच उजेड मावळतो, आणि हीटरवर वाळत घातलेल्या लोकरीचा ओलसर, कोंदट वास घरभर साचून राहतो. त्या वासाची मला अजून भीती वाटते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बाबा गेले आणि त्यांचे दिवस उरकून मी आईला कऱ्हाडहून इथे घेऊन आले. त्या हिवाळ्यात तो वास आणि आईचं न जेवणं माझ्या मनात एकमेकांत कायमचं मिसळून गेलं. ती रुसली नव्हती, की तिने उपासही धरला नव्हता. दोन घास खाऊन ‘पुरे गं’ म्हणायची आणि हात धुवायची. दिवसभर हॉस्पिटलमध्ये परक्यांच्या नाड्या पाहणारी मी, घरी आले की तिची सोन्याची बांगडी कोपराकडे किती घसरते तेवढंच पाहत असे. ही माझ्या डोळ्यांदेखत विझत जाणार, असं वाटत राही.

वॉर्डमधल्या एका सिस्टरने लंडनमधल्या एका छोट्या खाणावळीचा पत्ता दिला. अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेली एक बाई तिथे आपल्या गावाकडचं जेवण रांधत असे: मक्याचा खरपूस पाव, भेंडी, चवळी, ताक. ही नावं ऐकूनच मला बुडत्याला काडीचा आधार सापडावा तसं झालं. शनिवारी दुपारी आईला कोटात गुंडाळून मी ट्रेनने घेऊन गेले. काचांवर वाफ धरली होती आणि आत लोण्याचा, भाजल्या मक्याचा वास दरवळत होता. चवळीकडे बोट दाखवून, यात मांस नाही ना, एवढं मी त्या बाईंना विचारलं. मुळीच नाही, असं त्या प्रेमाने म्हणाल्या. या देशात दहा वर्षं काढलेल्या शाकाहारी माणसाने खरं तर, हे शिजतं कशाच्या पाण्यात, असं विचारायचं असतं. ते मी विसरले.

आईने बाबांच्या नावाचा एक घास बशीच्या कडेला काढून ठेवला, आणि मग ती जेवली. सावकाश, बोटांनी बशी निपटून जेवली. तिने पुन्हा चवळी मागितली तेव्हा माझे डोळे भरून आले. ती आणायला मी काउंटरशी गेले, तर बाईंच्या पळीबरोबर पातेल्यातून एक मोठं गुलाबी हाड वर आलं आणि पुन्हा बुडालं. डुकराचं आहे, चवीपुरतं, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. त्यांच्या लेखी ते मांस नव्हतंच. सांगावं तर हिच्या घशाखाली पुन्हा अन्न उतरायचं नाही, न सांगावं तर पाप माझ्या माथी. त्यात तो बाबांचा घास! मी मूग गिळून बशी तिच्यापुढे ठेवली.

परतताना तिने विचारलं, फोडणी कशाची असेल. लसणीची, मी म्हणाले.

घरी येताच तिने चवळी भिजत घातली. रविवारी सकाळी कित्येक आठवड्यांनी ती शेगडीपाशी उभी राहिली. चाखलं, लसूण वाढवली, गुळाचा खडा टाकला, पुन्हा चाखलं; कालची चव काही येईना. मग गॅस बंद करून खुर्चीत बसली आणि आपल्या तळव्यांकडे पाहत राहिली.

“चव गेली गं माझ्या हाताची,” ती म्हणाली. “ह्यांच्याबरोबरच गेली.”

इतकी भीती मला ऑपरेशन टेबलापाशीही कधी वाटली नव्हती. तिला या जगात धरून ठेवणारा जो एक धागा उरला होता, तो माझ्या खोट्याने तुटत होता.

“आई, त्या चवळीत हाड होतं. डुकराचं. मला तिथेच कळलं होतं.”

खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या सफरचंदाच्या निष्पर्ण झाडावर फिकट ऊन पडलं होतं. ती रडेल, ओकेल, उठून परतीचं तिकीट काढायला सांगेल, अशी मी श्वास रोखून वाट पाहत राहिले. बऱ्याच वेळाने तिने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि थोडी चवळी तळहातावर घेऊन चाखली.

“म्हणजे माझी चवळी चुकली नाही,” ती म्हणाली, आणि ताट वाढून घेऊन जेवू लागली.

बाटल्याचं दुःख तिने मनात कुठे ठेवलं, ते मला कधीच कळलं नाही. तिने माझंही ताट वाढलं होतं. मी समोर बसून होते, आणि आता मलाच घास गिळता येईना.